जोगळटेंभीचा चांदीचा ढीग

परवा गटाचे हप्ते गोळा करताना एकीनं विचारलं, "शेततळं खणताना जुनं चांदीचं नाणं निघालं, तर सोनाराकडं न्यायचं का?" दुसरी म्हणाली, "चिंचेनं घास नि गळ्यात घाल." सगळ्या हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला.

दोन हजार वर्षांपूर्वी रोमची सोन्याचांदीची नाणी जहाजानं भडोच बंदरात यायची. इथल्या पैशाशी बदलली की नफा होतो, असं त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांत भरून तिकडं जायचं. रोमचा प्लिनी नावाचा लेखक मात्र कुरकुरायचा, की आपला पैसा भारतात, चीनमध्ये, अरबस्तानात चालला. खापर कुणावर? चैनीवर आणि बायकांवर! ही रीत जुनीच दिसते.

ती रोमन चांदी आटवून इथल्या राजांनी आपली नाणी पाडली, असं बरेच अभ्यासक मानतात. क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचं तोंड आहे, ते रोमन नाण्यांच्या धर्तीवर. भोवती ग्रीक अक्षरं, मागं ब्राह्मी आणि खरोष्ठी.

1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला अशा नाण्यांचा ढीगच सापडला. 13 हजारांवर नाणी! त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. खालून नहपान डोकावतो, वर सातवाहन. गौतमीपुत्राची आई, गौतमी बलश्री, हिनं नाशिकच्या लेण्यात कोरून घेतलंय, की माझ्या मुलानं क्षहरातांचा वंश संपवला. नहपान त्याच घराण्यातला. आईचं बोलणं नाण्यांनी खरं केलं. तो ढीग कुणी आटवला असता, तर हाती नुसती चांदी उरली असती.

तिथल्याच लेण्यात नहपानाचा जावई, दक्षमित्रेचा नवरा उषवदात, याचा लेख आहे. त्यानं विणकरांच्या दोन श्रेणींकडं 3 हजार कार्षापण ठेवले: 2 हजार महिना शेकडा 1 व्याजानं, 1 हजार शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवायचा. आपल्या गटाच्या वहीसारखंच की!

आता त्या प्रश्नाचं उत्तर. 1878 चा निखात निधी कायदा आजही आहे. जमिनीत पुरलेलं 10 रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर आपला वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कळवलं आणि कुणी मालक निघाला नाही, तर सापडवणारीचा हक्क राहतो. सरकारनं ते ठेवून घेतलं, तरी धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे.

म्हणून नाणं निघालं तर चिंच लावू नका, राख लावू नका, घासू नका. कागदात गुंडाळा. कुठल्या खड्ड्यात, किती हात खोल, जवळ खापरं होती का, ते गटाच्या वहीत त्याच दिवशी लिहा. अर्ज लिहायला कुणाला अडलं, तर पुढच्या बैठकीत आपण मिळून लिहू.