यमूचा आवाज आणि साप्ताहिकाचे पान

हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीविषयी लिहिताना ‘वास्तववाद’ ही संज्ञा इतक्या सवयीने वापरली जाते की, ते वास्तव कोणाच्या आवाजात आणि कोणत्या माध्यमातून वाचकापर्यंत पोहोचले, हा प्रश्न मागे पडतो. हरिभाऊंचे कर्तृत्व नेमके समजण्यासाठी मात्र हाच प्रश्न आधी विचारावा लागतो.

८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे जन्मलेले हरिभाऊ पुण्यात वाढले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांच्यावर चिपळूणकर-आगरकरांचे संस्कार झाले. महाविद्यालयीन पदवी मात्र त्यांना मिळाली नाही. १८८८मध्ये त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी व प्रकाशनासाठी आनंदाश्रम स्थापन केला, आणि त्याची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. एका बाजूला परंपरेचे संपादन आणि दुसऱ्या बाजूला त्याच परंपरेने घडविलेल्या कुटुंबाची चिकित्सा, असा हा दुहेरी व्यवहार होता.

त्यांच्यापूर्वी बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवांचे दुःख आले होते; परंतु तेथे कथानक धर्मविचाराच्या प्रतिपादनाला जोडलेले होते. ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ यांनी अद्भुतरम्यतेचा मार्ग धरला. स्वतः हरिभाऊंची ‘मधली स्थिति’ (१८८५) ही कादंबरीही रेनॉल्ड्सच्या आदर्शाने सिद्ध झाली होती. खरे वळण आले ते १८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकामुळे. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यात १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. याच काळात, १८९१मध्ये, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे करणारा कायदा झाला आणि त्यावरून पुण्यात तीव्र वाद पेटला. वृत्तपत्रांतील वाद धर्मशास्त्र, सरकारी हस्तक्षेप आणि स्वराष्ट्राभिमान यांच्या भाषेत चालला होता. यमूचे आत्मनिवेदन त्याच प्रश्नाला माजघरातील भाषेत उभे करते. माहेर, सासर, मुंबईतील संसार, वैधव्य आणि वपन या क्रमाने जाणारी तिची कहाणी कोणताही सिद्धांत मांडत नाही. वाचकासमोर ती एक माणूस ठेवते. शिवाय ‘करमणूक’ या नावामुळे वादपत्राला दार बंद असलेल्या घरांतही तिला प्रवेश मिळू शकत होता.

मात्र या यशाची एक मर्यादाही ओळखली पाहिजे. यमू लिहू शकते, कारण तिच्या नवऱ्याने तिला शिकविले आहे. आणि तिचे बोलणे अखेर एका पुरुष लेखकाने कल्पिलेले आहे. सुधारक पतीच्या सहृदयतेतून स्त्रीला वाणी लाभते, ही त्या काळच्या सुधारणावादाची चौकट कादंबरीच्या रचनेतच उतरली आहे. याउलट ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’मध्ये (१८८२) असा मध्यस्थ मानलाच नव्हता. तरीही रमाबाई रानडे यांच्या १९१०मधील आठवणींपूर्वी स्त्रीचे सलग ‘मी’ मराठी वाचकांच्या कानावर पडू लागले, त्यात यमूचा वाटा नाकारता येत नाही.

‘मी’, ‘उषःकाल’, ‘वज्राघात’ अशा कादंबऱ्या पुढे आल्या. १९१७मध्ये ‘करमणूक’ थांबले आणि ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊंचे निधन झाले. त्यांचे मूल्यमापन ‘आद्य’ किंवा ‘युगप्रवर्तक’ या विशेषणांपाशी थांबविणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. दुसऱ्याचे दुःख त्याच्याच आवाजात सांगण्याचा अधिकार लेखकाला कितपत असतो, हा दलित आणि स्त्रीवादी साहित्याने पुढे ऐरणीवर आणलेला प्रश्न मराठी कादंबरीत त्यांच्या यमूपासूनच उपस्थित झालेला आहे.