ब्रेझाच्या बॉनेटखाली : एक इटालियन, एक जपानी

मारुती सुझुकीची व्हिटारा ब्रेझा मार्च २०१६ मध्ये दाखल झाली, तेव्हा तिच्यात इंजिनाचा एकच पर्याय होता : १.३ लिटरचे डिझेल. फेब्रुवारी २०२० मध्ये ते हद्दपार झाले आणि त्याच्या जागी १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन आले. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारात एकाच नावाची, जवळपास एकाच चेहऱ्याची, परंतु सर्वस्वी भिन्न कुळाची दोन वाहने शेजारी-शेजारी उभी असतात. ग्राहक मात्र रंग, टायर आणि किलोमीटर पाहून निर्णय घेतो.

डिझेल इंजिनाचे कूळ सुझुकीचे नव्हेच. १२४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे हे ‘मल्टिजेट’ इंजिन फियाटचे. फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीच्या काळात, २००३ मध्ये पोलंडमधील बिएल्स्को-बियावा येथे त्याचे उत्पादन सुरू झाले. एका आवर्तनात इंधनाची फवारणी अनेक टप्प्यांत विभागण्याच्या तंत्रामुळे एवढ्या लहान डिझेल इंजिनाचा खडखडाट पुष्कळ कमी झाला. भारतात मारुतीने परवाना घेऊन ते मानेसरला तयार केले व ‘डीडीआयएस’ हे नाव दिले; फियाटने ते पुण्याजवळील रांजणगावात बनवले. मागणी इतकी वाढली की, २०१२ मध्ये मारुतीने रांजणगावातूनही इंजिने घेण्याचा करार केला. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, सियाझ ही मारुतीची प्रजा. टाटांची इंडिका व्हिस्टा आणि मांझा, फियाटच्या पुंटो आणि लिनिया, शेव्हर्लेची सेल या साऱ्यांच्या बॉनेटखाली हेच इंजिन होते. वाहन-पत्रकारांनी त्याला थट्टेने ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ म्हटले, ते उगीच नव्हे.

या गोतावळ्याचा जुन्या गाडीच्या ग्राहकाला लाभ होतो. फियाटने आणि शेव्हर्लेने भारतातील मोटारविक्री थांबवली असली, तरी हे इंजिन उलगडून जोडणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. परंतु ‘इंजिन तेच’ याचा अर्थ ‘सुटे भाग तेच’ असा घेणे धोक्याचे. याच इंजिनाच्या ७५ आणि ९० अश्वशक्तीच्या दोन आवृत्त्या होत्या. पहिलीत साधा टर्बो, दुसरीत पात्यांचा कोन बदलणारा. ब्रेझात दुसरी आवृत्ती आहे. तेव्हा स्विफ्टचा टर्बो ब्रेझाला चालेल, असे सांगणाऱ्या गॅरेजवाल्यापासून दूर राहिलेले बरे.

चालवताना दोन्ही इंजिनांचे स्वभाव लगेच कळतात. डिझेलचा टॉर्क १७५० फेऱ्यांना २०० न्यूटन-मीटर आहे. मात्र टर्बो भरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन हजार फेऱ्यांच्या आत, ते सुस्त वाटते. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर वेळीच दुसरा गिअर टाकावा लागतो. एकदा जोर आला की भरलेली गाडी निमूट चढते.

पेट्रोल इंजिन अस्सल सुझुकीचे आहे. ‘के१५बी’ या नावाचे १४६२ घनसेंटिमीटरचे हे इंजिन २०१८ मध्ये सियाझमधून आले आणि पुढे अर्टिगा, एक्सएल-६ व जिम्नीतही बसले. त्याची ताकद सुमारे १०५ अश्वशक्ती; पण टॉर्क १३८ न्यूटन-मीटर, तोही ४४०० फेऱ्यांना. शहरातील वाहतुकीत ते मऊ आणि शांत, घाटात मात्र गिअरशी सतत खेळायला लावणारे. टोयोटाने सप्टेंबर २०२० मध्ये आणलेली अर्बन क्रूझर म्हणजे हीच गाडी, हेच इंजिन, फक्त बोधचिन्ह वेगळे. ती २०२२ मध्ये बंद झाली. जुन्या बाजारात पेट्रोल ब्रेझा शोधणाऱ्याने या जुळ्या बहिणीकडे दुर्लक्ष करण्याचे कारण नाही. जून २०२२ नंतरच्या ब्रेझात याच इंजिनाची ‘के१५सी’ ही सुधारित आवृत्ती आहे. तिच्यात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर आहेत.

डिझेल गेले ते नापसंतीमुळे नव्हे. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ मानके लागू झाली आणि लहान डिझेल त्या पातळीवर नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता. मारुतीने स्वतः विकसित केलेले १.५ लिटरचे डिझेल २०१९ मध्ये सियाझ आणि अर्टिगात आले. ब्रेझाला ते कधीच मिळाले नाही. तेव्हा ‘१.५ डिझेल ब्रेझा’ असे सांगून कोणी गाडी दाखवत असेल, तर नोंदणी प्रमाणपत्र मागावे. त्यावर घनक्षमता १२४८ असेल तर डिझेल, १४६२ असेल तर पेट्रोल. इंजिन क्रमांकाची सुरुवातही ‘डी१३ए’ किंवा ‘के१५’ अशी असते, आणि ती इंजिनावर कोरलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहावी.

डिझेल गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून बघावी. या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे. तेल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती सैल पडते आणि सुरुवातीच्या काही सेकंदांत खडखडते. विक्रेत्याने ग्राहक येण्याआधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. तेलबदलाच्या नोंदी किलोमीटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाच्या. चढावर क्लच घसरतो का, एकाएकी वेग वाढवताना काळा धूर येतो का, हेही पाहावे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, त्यामुळे २०१६ ची गाडी २०३१ पर्यंत निर्धास्त. दिल्ली परिसरात डिझेलच्या वयाचे नियम वेगळे व वादग्रस्त राहिल्याने, तिकडून आलेली स्वस्त गाडी घेताना मूळ राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.