अमेरिकन संगीताचा जनक : एका उपाधीचा इतिहास

कलांच्या इतिहासलेखनात 'आद्य' आणि 'जनक' हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत मूलभूत भेद आहे. आद्यत्व हा कालगणनेचा प्रश्न असून तो कागदपत्रांच्या आधारे सुटू शकतो. जनकत्व हा वंशाचा प्रश्न आहे. ज्याच्यापासून पुढे काही निपजले, तो जनक. अमेरिकन संगीताचे जनकत्व कोणाकडे जाते, हा वाद दीर्घकाळ रेंगाळला याचे एक कारण या दोन कल्पनांची गल्लत हे आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ज्यांच्या कंठातून आणि हातांतून हे संगीत मोठ्या प्रमाणावर निपजले, त्यांना त्या देशाच्या कायद्याने स्वतःच्या अपत्यांवरही हक्क दिलेला नव्हता.

आद्यत्वाचा दावा सर्वांत आधी फ्रान्सिस हॉपकिन्सन (१७३७–१७९१) याने स्वतःच केला. फिलाडेल्फियाचा हा कायदेपंडित स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी एक होता आणि हार्पसिकॉर्ड उत्तम वाजवीत असे. १७५९ साली त्याने रचलेले एक गीत हे अमेरिकेत जन्मलेल्या रचनाकाराचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लौकिक गीत मानले जाते. १७८८ मध्ये आपला गीतसंग्रह जॉर्ज वॉशिंग्टन यांना अर्पण करताना, संयुक्त संस्थानांत जन्मून संगीतरचना करणारा पहिला मनुष्य हे श्रेय आपल्याला नाकारता येणार नाही, अशा आशयाचे विधान त्याने केले. आपल्याला गाताही येत नाही आणि एकही वाद्य वाजवता येत नाही, असे वॉशिंग्टन यांनी उत्तरादाखल प्रांजळपणे कळवले. १९०५ साली ऑस्कर सॉनेक या साक्षेपी संशोधकाने हॉपकिन्सनवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या आद्यत्वाला विद्वन्मान्यता मिळवून दिली. परंतु या गीतांची घडण लंडनच्या दिवाणखान्यातील आहे. त्यांच्यापासून पुढे कोणतीही परंपरा निघाली नाही. हॉपकिन्सन आद्य ठरतो. जनक ठरत नाही.

बॉस्टनचा विल्यम बिलिंग्ज (१७४६–१८००) हा याहून वेगळ्या मातीचा माणूस. कातडी कमावण्याचा व्यवसाय करणाऱ्या बिलिंग्जने १७७० साली 'द न्यू-इंग्लंड साम-सिंगर' हा संग्रह प्रसिद्ध केला. एकाच अमेरिकन रचनाकाराच्या रचनांचे हे पहिले पुस्तक होय. त्याचे मुखचित्र पॉल रिव्हीअर याने कोरले होते. रचनाकाराने दुसऱ्याने घालून दिलेल्या नियमांत अडकू नये, निसर्ग हाच खरा गुरू, ही त्याची भूमिका राजकीय स्वातंत्र्याच्या आधी सहा वर्षे मांडली गेली, हे लक्षणीय आहे. त्याचे 'चेस्टर' हे गीत पुढे क्रांतियुद्धात सैनिकांच्या तोंडी बसले. १७७२ साली त्याला पुस्तकाचा मुद्रणाधिकार देणारे विधेयक मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने संमत केले. गव्हर्नर हचिन्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. बिलिंग्ज दारिद्र्यात वारला. एकोणिसाव्या शतकात लोवेल मेसन आदी सुधारकांनी युरोपीय शास्त्रशुद्धतेच्या नावाखाली ही ओबडधोबड गायकी शहरांतून हद्दपार केली. ती दक्षिणेकडील खेड्यांत 'द सेक्रेड हार्प' (१८४४) सारख्या पुस्तकांच्या आश्रयाने टिकून राहिली. बिलिंग्जला वंशज लाभले, पण ते मुख्य प्रवाहापासून दूर, आडवाटेला.

'अमेरिकन संगीताचा जनक' ही उपाधी लोकमानसात ज्याच्या नावाला चिकटली, तो स्टीफन फॉस्टर (१८२६–१८६४). त्याचा जन्म पिट्सबर्गजवळ ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, झाला. सुमारे दोनशे गीते रचणारा फॉस्टर हा केवळ गीतांच्या विक्रीवर चरितार्थ चालवू पाहणाऱ्या पहिल्या अमेरिकनांपैकी एक होता. त्याची कीर्ती मिन्स्ट्रेल रंगभूमीने वाढवली. जळालेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून गोरे नट गुलामांची नक्कल करीत, असा तो खेळ होता. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ साली आपल्या पत्रातून या नटांवर अत्यंत कठोर शब्दांत कोरडे ओढले होते. गुलामीतून निसटून आलेल्या त्या विचारवंताच्या दृष्टीने, निसर्गाने गोऱ्यांना न दिलेला रंग उसना घेऊन पैसा मिळवण्याचाच हा प्रकार होता.

फॉस्टरची कोंडी त्याच्या एका पत्रव्यवहारात उघडी पडते. 'ओल्ड फोक्स ॲट होम' हे गीत १८५१ साली मिन्स्ट्रेल मंडळीचा चालक ई. पी. क्रिस्टी याच्या नावाने छापले गेले. तसे करण्याचा हक्क फॉस्टरनेच त्याला विकला होता. मे १८५२ मध्ये त्याने क्रिस्टीला लिहिले की, अशा गीतांविषयी लोकांत असलेल्या पूर्वग्रहामुळे आपण नाव झाकून ठेवणार होतो. परंतु आता ती उघडपणे आपल्या नावाने लिहिण्याचा निश्चय केला आहे. क्रिस्टीने दाद दिली नाही. आज ज्याला जनक म्हटले जाते, त्याला आपल्या सर्वांत प्रसिद्ध अपत्याला आरंभी नाव द्यायचेच नव्हते. ज्या दक्षिणेची ओढ त्या गीतात आहे, तेथील दीर्घ प्रवास त्याने एकदाच केला आणि तोही गीत प्रसिद्ध झाल्यानंतर, १८५२ मध्ये.

तरीही फॉस्टरला केवळ नकलाकार ठरवून मोकळे होता येत नाही. 'माय ओल्ड केन्टकी होम' (१८५३) या गीतात विकल्या जाणाऱ्या गुलामाचा घराला निरोप आहे. मिन्स्ट्रेल नटांची निर्भर्त्सना करणाऱ्या डग्लस यांनीच १८५५ साली सांगितले की, असली गीते गुलामांविषयी सहानुभूती जागवतात. गीते देशभर पसरली. रचनाकार मात्र १८५७ मध्ये आपले भावी हक्क प्रकाशकांना विकून बसला आणि जानेवारी १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात सदतिसाव्या वर्षी मरण पावला. त्याच्या पाकिटात ३८ सेंट निघाले.

वादाला निर्णायक कलाटणी एका परदेशी पाहुण्याने दिली. बोहेमियाचे अन्तोनिन द्वोर्झाक १८९२ ते १८९५ या काळात न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे संचालक होते. या देशाचे भावी संगीत कृष्णवर्णीयांच्या सुरावटींवरच उभे राहिले पाहिजे, असे त्यांनी १८९३ च्या मे महिन्यात जाहीर केले. त्या सुरावटी त्यांना ऐकवणाऱ्यांत हॅरी बर्ले हा कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रमुख होता आणि त्याला त्या मिळाल्या होत्या एकेकाळी गुलाम असलेल्या आपल्या अंध आजोबांकडून. जानेवारी १८९४ मध्ये द्वोर्झाक यांनी फॉस्टरचे 'ओल्ड फोक्स ॲट होम' वाद्यवृंदासाठी बांधले, तेव्हा ते गाणाऱ्यांत बर्ले होता. काजळी फासलेल्या तोंडांसाठी लिहिलेले गीत अशा रीतीने गुलामाच्या नातवाच्या कंठी आले.

ज्या गीतांवर द्वोर्झाक बोट ठेवीत होते, त्यांचा पहिला मोठा संग्रह 'स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स' १८६७ साली निघाला होता. त्यातील १३६ गीतांपुढे रचनाकारांची नावे नाहीत. हे स्वर लेखनात पकडता येत नाहीत, अशी कबुली त्याच्या संपादकांनी दिली आहे. ही निनावी अवस्था लोकगीतांच्या नेहमीच्या निनावीपणाहून निराळी आहे. व्हर्जिनियात १६६२ च्या कायद्याने मुलाची स्थिती आईप्रमाणे ठरवली आणि पित्याचा संबंध निरर्थक केला. ज्या समाजाला घरातच पितृत्व नाकारले गेले, त्याला संगीताच्या पितृत्वाचा दावा मांडायला कागदही नव्हता आणि न्यायालयही नव्हते. हॉपकिन्सन दावा करू शकला, बिलिंग्ज विधिमंडळाकडे जाऊ शकला, फॉस्टर आपले नाव विकू शकला. गुलामाजवळ विकण्यासाठी नावच नव्हते. त्या भूमीवरील आदिम जमातींचे संगीत तर या वादाच्या पटावर क्वचितच मांडले गेले.

विसाव्या शतकात दावे करणारे बदलले. 'ब्लूजचा जनक' म्हणवून घेणाऱ्या डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९४१ च्या आत्मचरित्राला तेच नाव दिले. परंतु मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर गिटारच्या तारांवर सुरी दाबून गाणारा एक फाटका माणूस आपण ऐकला, हेही त्यांनी त्याच ग्रंथात नोंदवले. जनक म्हणून मिरवणाऱ्याने स्वतःच आपल्या पूर्वजाची साक्ष दिली, आणि त्या पूर्वजाचे नाव नोंदले गेले नाही. जेली रोल मॉर्टन यांनी १९३८ साली, जॅझ आपणच १९०२ मध्ये निर्माण केला, असे जाहीर केले. लुई आर्मस्ट्राँग यांनी असा दावा केला नाही. १९२५ पासूनच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांनी तो न बोलता सिद्ध केला. ते आपला जन्मदिन ४ जुलै १९०० सांगत. त्यांच्या मृत्यूनंतर चर्चच्या नोंदीत ४ ऑगस्ट १९०१ ही तारीख सापडली. फॉस्टरला राष्ट्राचा वाढदिवस योगायोगाने मिळाला. आर्मस्ट्राँग यांनी तो आपला मानला.

मग निर्णय कोणता? एकच नाव हवे असेल, तर ते फॉस्टरचेच राहील, मात्र वेगळ्या अर्थाने. युरोपीय गीताची घडण, आफ्रिकी वंशजांचे द्रव्य आणि छापील गीताचा बाजार या तीन गोष्टींची त्या देशाच्या संगीतात पुढे सतत होत राहिलेली गाठ त्याच्या आयुष्यात ठळकपणे पडली. तिच्यातले सौंदर्य आणि तिच्यातला अन्याय या दोहोंचाही वारसा त्याच्याकडून पुढे गेला. पिट्सबर्गमध्ये १९०० साली उभारलेल्या त्याच्या पुतळ्यात वर बसलेला फॉस्टर लिहून घेत होता आणि त्याच्या पायाशी अनवाणी कृष्णवर्णीय बँजो वाजवीत होता. एप्रिल २०१८ मध्ये तो पुतळा हलवला गेला. तो अपमानकारक होता यात शंका नाही. पण कोण देत होते आणि कोण घेत होते, हे त्याच्या शिल्पकाराने नकळत खरे दाखवले होते.

भारतीय परंपरेत पितृऋण ही पुत्राने फेडायची गोष्ट मानली आहे. अमेरिकन संगीताच्या बाबतीत नाते उलटे आहे. तेथे जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तोच ऋणको आहे आणि सावकारांची नावे नोंदलेली नाहीत. त्याला जनक म्हणताना त्या ऋणाचाही उच्चार होत असेल, तरच ती उपाधी न्याय्य ठरते.