बायोफीडबॅक थेरपीत करिअर करायचंय? आधी मूळ पदवी, मग मशीन

'दोन दिवसांत बायोफीडबॅक थेरपिस्ट व्हा', 'घरबसल्या सर्टिफिकेट मिळवा' अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर सहज दिसतात. मानसशास्त्र शिकणारे विद्यार्थी, फिजिओथेरपिस्ट आणि योगवर्ग चालवणारे शिक्षकही त्याकडे वळतात. फी भरली की सर्टिफिकेट हातात येतं. पण तेवढ्यावर रुग्णावर उपचार करता येतात का? भारतात 'बायोफीडबॅक थेरपिस्ट' अशी वेगळी सरकारी नोंदणी नाही. उपचार करण्याचा हक्क मिळतो तो मूळ पदवीमुळे आणि त्या पदवीच्या नोंदणीमुळे. बायोफीडबॅक हे त्यावर चढवायचं कौशल्य आहे. हा क्रम उलटा झाला की पैसे आणि वर्षं दोन्ही वाया जातात.

बायोफीडबॅक म्हणजे काय?

शरीरात चाललेल्या ज्या गोष्टी एरवी आपल्याला कळत नाहीत, त्या यंत्राने मोजून रुग्णाला त्याच क्षणी दाखवायच्या आणि त्या पाहून त्याने स्वतःच त्या बदलायला शिकायचं, ही मूळ कल्पना. आरशात पाहून केस विंचरावेत, तसं. यंत्र स्वतः काहीच बरं करत नाही, शिकतो तो रुग्ण.

मोजमापं साधारण पाच-सहा प्रकारची असतात. स्नायूंवर चिकटपट्टीसारखे इलेक्ट्रोड लावून त्यांचा ताण मोजतात, त्याला ईएमजी म्हणतात. बोटाला सेन्सर लावून त्वचेचं तापमान मोजतात, कारण ताणात रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं गार पडतात. तळहाताच्या घामावरून त्वचेची विद्युतवहनक्षमता कळते. छाती-पोटाला पट्टा बांधून श्वासाची लय पाहतात. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतं, याला एचआरव्ही म्हणतात. बहुतेक प्रौढांमध्ये मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की हा चढउतार सर्वांत मोठा होतो. मेंदूच्या लहरींवर, म्हणजे ईईजीवर, आधारलेल्या प्रकाराला न्यूरोफीडबॅक म्हणतात आणि त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं.

सुरुवात कुठून झाली?

हे शास्त्र आजच्या रूपात उभं राहिलं ते अमेरिकेत, 1960 च्या दशकात. जो कामिया यांनी माणसाला स्वतःच्या मेंदूतल्या अल्फा लहरी ओळखायला शिकवता येतं, हे दाखवलं. नील मिलर यांचे प्राण्यांवरचे प्रयोग खूप गाजले, पण पुढे ते तसेच पुन्हा जमले नाहीत, हेही त्यांनी मान्य केलं. 1969 मध्ये कॅलिफोर्नियात संशोधकांची संस्था स्थापन झाली आणि 'बायोफीडबॅक' हे नाव रूढ झालं.

यात भारताचा धागाही आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. 1970 मध्ये स्वामी राम यांची कॅन्सस राज्यातल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये तपासणी झाली. तळहाताच्या दोन बाजूंच्या तापमानात त्यांनी फरक पाडल्याची नोंद एल्मर ग्रीन यांनी केली. म्हणून योगशिक्षकांना हा विषय जवळचा वाटतो. प्राणायामाचा सराव असेल तर शिकायला मदतही होते. मात्र योगाचं प्रमाणपत्र म्हणजे उपचाराचा परवाना नव्हे.

कशावर चालतं, कशावर नाही?

चांगलं प्रशिक्षण या प्रश्नाचं सरळ उत्तर देतं. मायग्रेन आणि ताणामुळे होणारी डोकेदुखी यांत बायोफीडबॅकचा उपयोग बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात, अशा प्रकारच्या बद्धकोष्ठतेत तर तो प्रमुख उपचारांपैकी एक आहे. लघवीवर ताबा न राहणं आणि पक्षाघातानंतरचं स्नायूंचं पुनर्वसन यांतही तो वापरतात.

मुलांमधल्या एडीएचडीसाठी न्यूरोफीडबॅकचा मोठा गाजावाजा होतो. पण खोट्या फीडबॅकशी तुलना करणाऱ्या काटेकोर चाचण्यांत त्याचा वेगळा फायदा ठळकपणे दिसलेला नाही. 'ऑटिझम बरा करतो', 'गोळ्या बंद करतो' असं सांगणारा क्लास असेल तर तिथेच थांबावं. गोळ्या कमी करायच्या की नाही, हे डॉक्टरच ठरवतात. मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण शिथिलीकरण शिकू लागला की औषधाची गरज बदलू शकते. म्हणून त्याच्या डॉक्टरांना आधी कळवणं हा प्रशिक्षणातला अगदी सुरुवातीचा धडा असायला हवा.

मूळ पदवी कोणती?

रस्ते मुख्यतः तीन.

पहिला मानसशास्त्राचा. इथे मोठा गैरसमज आहे. एम.ए. मानसशास्त्र झालं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येतं, असं अनेक घरांत समजतात. प्रत्यक्षात त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. 1992 च्या कायद्याने ही व्यवस्था आली. आजवर त्यासाठी दोन वर्षांचं एम.फिल. हा मुख्य मार्ग होता. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं. क्लिनिकल सायकॉलॉजीला 2025-26 पर्यंत सवलत दिली गेली आणि त्याची जागा आता दुसरे अभ्यासक्रम घेत आहेत. त्यामुळे प्रवेशाआधी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्य संस्थांची चालू यादी स्वतः पाहावी, एजंटच्या शब्दावर जाऊ नये.

दुसरा रस्ता फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपीचा. स्नायूंचा ईएमजी, पक्षाघात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ही कामं या लोकांच्या हातची. बायोफीडबॅकमध्ये सर्वांत भक्कम पुरावा असलेले काही उपयोग याच रस्त्यावर आहेत, हे मानसशास्त्राकडेच पाहणाऱ्या पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. तिसरा रस्ता डॉक्टर आणि नर्सिंगचा.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा मार्ग

या क्षेत्रात जगभर ओळखलं जाणारं प्रमाणपत्र बीसीआयए या अमेरिकेतल्या संस्थेचं. ती 1981 मध्ये स्थापन झाली. तिची प्रमाणपत्रं तीन: सर्वसाधारण बायोफीडबॅक, न्यूरोफीडबॅक आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठीचं.

सर्वसाधारण प्रमाणपत्रासाठी आरोग्यक्षेत्रातली मान्य पदवी, 42 तासांचं वर्गशिक्षण आणि मानवी शरीरशास्त्राचा अभ्यासक्रम लागतो. त्यानंतर खरी कसोटी. मेंटरच्या देखरेखीखाली उमेदवाराने आधी स्वतःवर सत्रं करायची, मग रुग्णांसोबत डझनावारी सत्रं घ्यायची आणि केसेस मांडून चर्चा करायची. शेवटी लेखी परीक्षा. न्यूरोफीडबॅकसाठी वर्गशिक्षण 36 तासांचं, पण रुग्णांसोबतची सत्रं जास्त. प्रमाणपत्राचं दर चार वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मेंटर दूर असला तरी ऑनलाइन मार्गदर्शन चालतं, त्यामुळे छोट्या शहरातून हे करता येतं.

तरीही हे प्रमाणपत्र परवाना नाही. आजारावर उपचार करायचे तर त्या-त्या देशाची नोंदणी हवी, नाहीतर नोंदणी असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करायचं, अशीच त्या संस्थेचीही अट आहे.

स्वतःवर सत्रं कशासाठी? बोटाचं तापमान पडद्यावर खाली जात असताना 'रिलॅक्स व्हा' म्हटलं की ते आणखी घसरतं, हे स्वतः अनुभवल्याशिवाय कळत नाही. खोली गार आहे, सेन्सर सैल आहे की माणूस खरंच ताणात आहे, हे ओळखायची नजर सरावानेच येते.

सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनी कुठे पाहावं?

बेळगावहून पाऊणशे किलोमीटरवर धारवाडला डिम्हान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. बंगळुरूच्या निम्हान्सची प्रवेशपरीक्षा देशभरातल्या उमेदवारांसाठी खुली असते. गोव्यात बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा आणि हैदराबादला एर्रागड्डाची संस्था या भागातल्या मराठी कुटुंबांना परिचित आहेत. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे. यांतल्या कुठे कोणता अभ्यासक्रम चालू आहे आणि राखीव जागांसाठी कोणत्या राज्याचा रहिवासी दाखला लागतो, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावं. शिक्षण एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, अशांची गाडी इथेच अडते.

नोंदणीचाही फरक आहे. आरसीआयची नोंदणी केंद्रीय असल्याने राज्य बदललं तरी चालते. फिजिओथेरपीची व्यवस्था आजवर राज्यागणिक वेगळी होती. 2021 च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा आल्या. ज्या राज्यात दवाखाना टाकायचा, तिथल्या परिषदेकडे आधी चौकशी करावी.

सीमाभागाचा एक फायदा मात्र मोठा. या उपचारात सारा भर बोलण्यावर असतो. 'खांदा सोडा', 'जबडा सैल ठेवा', 'छातीत कसं वाटतंय?' हे रुग्णाच्या भाषेतच पोचतं. मराठीबरोबर कन्नड, कोकणी, गुजराती, तेलुगू किंवा हिंदी सफाईने बोलणारा थेरपिस्ट इथे दुप्पट उपयोगाचा.

काम कुठे मिळतं?

नुसत्या 'बायोफीडबॅक थेरपिस्ट' पदाच्या जाहिराती क्वचितच निघतात. मानसोपचार विभाग, वेदना क्लिनिक, पोटविकार विभाग, पुनर्वसन केंद्र, स्त्रीरोग फिजिओथेरपी इथे मूळ पदावर राहून हे काम होतं. खेळातही वाव आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राच्या तयारीत बायोफीडबॅकचा वापर झाला होता. महागडं यंत्र कर्ज काढून घेण्यापेक्षा नोकरीत हात बसवून मग स्वतःचं क्लिनिक टाकणं शहाणपणाचं.

फी भरण्याआधी हे विचारा

- शिकवणाऱ्याची मूळ पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? तो परिषदेच्या यादीत सापडतो का?
- देखरेखीखाली रुग्णांसोबत किती सत्रं मिळतील?
- हे तास बीसीआयए धरते का? हे थेट त्या संस्थेकडूनच लेखी विचारून घ्यावं.
- कोर्ससोबत यंत्र घेण्याची सक्ती आहे का?
- माझ्या आजच्या पदवीवर मला कायद्याने काय करता येईल आणि काय नाही?

शेवटच्या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर तो क्लास सोडून द्यावा. बारावीत असलेल्यांनी आत्ता मूळ पदवीचाच विचार करावा. बायोफीडबॅकचं प्रशिक्षण पदवीनंतरही घेता येतं.