९ एमएम की .४५? लपवून बाळगायच्या पिस्तुलासाठी अमेरिकेत कोणतं कॅलिबर निवडतात?

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी कपड्यांखाली पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच संपत नाही, तो म्हणजे कॅलिबरचा. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास. .४५ म्हणजे ०.४५ इंच, साधारण ११.४ मिलिमीटर. काही नावं मात्र फसवी आहेत. .३८ स्पेशलच्या गोळीचा खरा व्यास ०.३५७ इंच, म्हणजे जवळपास ९ एमएमच. .३८० ची गोळीही तेवढ्याच जाडीची असते, फक्त काडतूस आखूड आणि जोर कमी.

'गोळी जितकी मोठी तितकी चांगली' या समजाला एका घटनेने मोठं बळ दिलं. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यातल्या एकाला ९ एमएमची गोळी दंडातून छातीत लागली, पण ती हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो लढतच राहिला. एफबीआयचे दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले.

यानंतर एफबीआयने गोळ्या तपासण्याची पद्धतच बदलली. माणसाच्या स्नायूंसारख्या जिलेटिनमध्ये गोळी १२ ते १८ इंच खोल जायला हवी, असा निकष ठरला. कमी गेली तर महत्त्वाच्या अवयवापर्यंत पोहोचत नाही. जास्त गेली तर आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. एफबीआय आधी १० एमएमकडे वळली, पण तिचा झटका अनेकांना झेपेना. मग तिचीच सौम्य आवृत्ती म्हणावी अशी .४० एस अँड डब्ल्यू १९९० मध्ये आली आणि अमेरिकी पोलिसांत पसरली.

आणि २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ एमएमची शिफारस केली! मधल्या काळात लागल्यावर फुलणाऱ्या हॉलो पॉइंट गोळ्या खूप सुधारल्या होत्या. जखमेतला फरक फारसा उरला नव्हता, पण झटका कमी असल्याने ९ एमएमचा नेम लवकर सावरतो. शिवाय काडतुसंही जास्त मावतात: ग्लॉक १७ च्या मॅगझीनमध्ये १७, तर जुन्या .४५ च्या कोल्ट १९११ मध्ये ७.

लपवून बाळगताना हे जास्तच जाणवतं. पिस्तूल छोटं आणि हलकं असलं की तीच गोळी हाताला जास्त झटका देते. म्हणून खिशात मावणारी .४५ दुकानात रुबाबदार वाटते, पण सरावाला नकोशी होते. ज्यांच्या हातात जोर कमी असतो ते .३८० घेतात, आत शिरण्याची खोली मात्र तिथे काठावरच असते.

भारतात हा वाद जवळजवळ उद्भवतच नाही. इथे ९ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, त्यामुळे साध्या परवान्यावर ती मिळत नाही. परवानाधारक बहुतेक वेळा .३२ कडेच वळतात. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेलं कानपूरचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही .३२ चंच आहे.