नाका, पलटण आणि आजीचं लुगडं

माझा भाचा मँचेस्टरला असतो. मागच्या सुट्टीत तो हेड्रियनची भिंत बघून आला आणि फोटोंचा ढीगच पाठवला. रोमन सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ मध्ये ब्रिटनच्या उत्तरेला बांधायला घेतलेली ही भिंत, लांबी सुमारे ११७ किलोमीटर. फोटोंत हिरवं गवत, मेंढ्या आणि कमरेएवढे दगड. खाली लिहिलं होतं, "मामा, आपल्या वाशिमला असलं काही नाही ना!"

आता हे वाचून गप्प कसं बसायचं? रविवारी सकाळी हिंगोलीची एसटी पकडली.

वीसेक किलोमीटरवर पैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की कनेरगाव नाका. वाशिम जिल्हा संपला, हिंगोली सुरू. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं पलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. म्हणजे निजामाचं राज्य. अलीकडे वऱ्हाड, इंग्रजी अंमल.

ही सरहद्द झाली ती फौजेच्या पगारापायी. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज निजामाच्या खर्चाने पोसली जायची, पण तिचे अधिकारी इंग्रज. पगार थकत गेले, कंपनी उसने देत गेली आणि कर्ज सुमारे ४५ लाखांवर गेलं. शेवटी १८५३ च्या तहात त्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा! १९०२ मध्ये तेच वऱ्हाड वर्षाला २५ लाखांच्या भाड्याने कायमचं दिलं गेलं. (घरमालक आणि भाडेकरू यांच्यात इतकी गंमत मी दुसरीकडे पाहिली नाही.)

त्या फौजेची एक छावणी हिंगोलीला होती. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, कंटिन्जंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेसाठी रेघ ओढली ती गेली, रेघ मात्र राहिली.

हिंगोलीत उतरून चहाच्या टपरीवर विचारलं, "पलटण कुठंय?" टपरीवाला म्हणाला, "पलटणीत कोणाकडं जायचं?" शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या फौजेकडे, असं काही मला सांगता येईना. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही सगळी आज वस्त्यांची नावं आहेत. पायदळ, घोडदळ, तोफा आणि निवृत्त शिपाई, अख्खी छावणी पत्त्यांत उतरली आहे. भाच्याला कळवलं, तुझ्या मँचेस्टरमधलं 'चेस्टर' हेही रोमन छावणीच्या 'कास्त्रा'वरूनच आलंय, तेव्हा फार ऐटीत राहू नकोस.

पण खरं सांगायचं तर मी गेलो होतो आजीसाठी. तिचं माहेर हिंगोलीकडचं, सासर वाशिमचं. हैदराबाद संस्थानाचं जकात खातं वेगळं, त्याला करोडगिरी म्हणत. रुपयाही वेगळा. इकडे कल्दार, तिकडे हाली. शंभर कल्दारला साधारण एकशे सोळा-सतरा हाली. आईसाठी नवं लुगडं न्यायचं तर जकात पडणार. म्हणून आजी ते अंगावरच नेसायची, वरून जुनं गुंडाळायची आणि नाका पार करायची. हे सांगताना ती पदर तोंडाला लावून हसायची.

पुढचं मात्र कधी हसून सांगितलं नाही. १९४८ च्या पावसाळ्यात तिचे वडील गेले. रझाकारांची दहशत, पैनगंगेला पूर. निरोप पोचला तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दिवाळीत आजी माहेरी गेली. "नाक्यावर कोणीच अडवलं नाही ग बाई," एवढंच ती आईला म्हणाली होती. जाण्याआधी तिने लुगडं घेतलं होतं, पण वडील गेल्यावर आईला ते काठापदराचं, रंगीत लुगडं देता येईना. ते ट्रंकेत राहिलं. अजून आहे, घड्यांवर विरलंय.

वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशिमला १९३९ मध्ये सापडला. त्यात वत्सगुल्माहून, म्हणजे आमच्या वाशिमहून, नांदेडच्या बाजूचं एक गाव दान दिल्याची नोंद आहे. तेव्हा मध्ये वाहत होती ती नुसती नदी. असो.

परतताना नाक्यावर उतरून गावाच्या पाटीचा फोटो काढला आणि भाच्याला पाठवला. रात्री त्याचं उत्तर आलं, "मामा, पण दोन्ही काठ निजामाचेच होते, तर आजीला अडवत कोण होतं?"