शिळेवरचा आकडा, कागदावरचे नाव

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने महाराष्ट्रातील काही गावांत स्मृतिशिळा बसवल्या. गावातून युद्धावर किती जण गेले आणि किती कामी आले, एवढेच बहुतेक शिळा सांगतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचा आकडा आहे 46. पण हे 46 जण कोण?

इराकमधील बसरा स्मारकाचेही असेच आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावे कोरली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या दिली. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 मध्ये माफी मागितली.

नावे कागदोपत्री मिळतात. आयोगाच्या यादीत शिपायाची पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव व जिल्हाही असतो. मात्र खानदेशातला शिपाई ‘जळगाव जिल्हा’ म्हणून शोधू नये. 1906 साली खानदेशचे दोन जिल्हे झाले. आजचा जळगाव म्हणजे तेव्हाचा पूर्व खानदेश. धुळे आणि नंदुरबार म्हणजे पश्चिम खानदेश. इंग्रजी कागदांत धुळ्याचे ‘धुलिया’ होते, हेही ध्यानात ठेवावे.

पलटण व तारीख जुळवली की प्रसंग उलगडतो. 110व्या मराठा पलटणीतील शिपायाचा मृत्यू 1916 च्या आरंभीचा असेल, तर कूतचा वेढा तपासावा. तिथे गोळीइतकेच उपासमारीने आणि रोगाने बळी घेतले.

यादीतले नाव घेऊन विद्यार्थ्यांनी गावातल्या वडीलधाऱ्यांकडे जावे. घराण्याची आठवण कागदाशी जुळते का, हे पडताळणे म्हणजेच इतिहासाचे प्रात्यक्षिक, असे आम्हांला वाटते.